शपथेपासून हिशेबापर्यंत : व्यसनमुक्तीच्या साधनांचा इतिहास

मनुष्याच्या व्यसनांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. व्यसनांतून बाहेर पडण्यासाठीं त्यानें केलेल्या खटपटींचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाहीं. सोमरसापासून गुटख्यापर्यंतची जंत्री कोणीही सांगेल. परंतु ज्यास तें सोडावेंसें वाटलें त्याच्या हातीं त्या त्या काळीं समाजानें कोणतें साधन दिलें, आणि तें साधन त्यास कोठवर उपयोगी पडलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज तो विचारण्याचें कारण असें कीं, गेल्या दहापंधरा वर्षांत या साधनांच्या यादींत एका नव्या साधनाची भर पडली आहे. तें म्हणजे खिशांतल्या स्मार्टफोनवर चालणारें ॲप. आज किती प्यालों, किती पुड्या खाल्ल्या, केव्हां तल्लफ आली, याची नोंद तें मागतें. ठरविलेल्या मर्यादेची आठवण देतें. आणि मन डळमळूं लागलें तर चार धीराचे शब्दही ऐकवितें. यावर कोणी हुरळून जातो, तर कोणी हसतो. हुरळणें आणि हसणें या दोहोंच्या आधीं इतिहास पाहून घेणें बरें.

हा विचार केवळ मुंबई-पुण्याच्या वाचकांपुरता नाहीं. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील जानेफळसारखें गांव डोळ्यांपुढें आणावें. कापूस-सोयाबीनचा हा वऱ्हाडी मुलूख; तालुक्याचें ठिकाण मेहकर, जिल्ह्याचें बुलढाणा. अशा गांवीं मानसोपचार करणाऱ्या डॉक्टराची पाटी सहसा आढळावयाची नाहीं. पण फोन मात्र घरोघर पोंचलेला आहे. तेव्हां या साधनाची खरी परीक्षा शहरांत व्हावयाची नसून अशा गांवींच व्हावयाची आहे.

साधनांमध्यें पहिलें येतें तें कायद्याचें. इंग्रजी अमलांत आबकारी हें सरकारी उत्पन्नाचें एक मोठें अंग होऊन बसलें. दारूच्या दुकानांचे हक्क लिलावानें विकले जात, आणि बोली जितकी चढी तितकी दुकानदारास विक्री वाढविण्याची निकड अधिक. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें ही व्यवस्था पक्की झाली. तिचे दुष्परिणाम जाणत्यांच्या लक्षांत लवकरच आले. महात्मा फुले यांनीं पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं शहरांतील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ सालीं पुण्यांत दुकानांपुढें स्वयंसेवक उभे राहून गिऱ्हाइकांस परतवूं लागले, आणि त्या चळवळीस टिळकांनीं आपला पाठिंबा दिला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं आणि १९०३ पासून मध्यप्रांतास जोडलेलें; तेथें १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा होऊन तो कांहीं निवडक भागांत लागू झाला. मुंबई इलाख्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आल्यावर पुढें तोच विदर्भासही लागू झाला. आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नांवानें पुस्तकांत आहे, आणि त्याच कायद्याच्या आधारें दिलेल्या परवान्यांवर दारू विकलीही जाते! गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं लोकांच्या चळवळीनें दारूबंदी आली. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली.

कायद्याचा उपयोग नाहीं असें म्हणणें चुकीचें होईल. दुकान दूर गेलें कीं नवशिका त्याच्या वाटेस कमी जातो, आणि मजुरीचे पैसे घरापर्यंत पोंचण्याची आशा वाढते. दारूबंदीच्या चळवळींत स्त्रिया नेहमीं पुढें राहिल्या त्या उगाच नव्हे. परंतु कायद्याचें लक्ष बाटलीकडे असतें. ज्याच्या अंगांत व्यसन मुरलें आहे त्यास कायदा फार तर आरोपी म्हणून ओळखतो. त्याच्या मनांत पहांटे उठणारा पश्चात्ताप आणि सायंकाळीं उठणारी तल्लफ यांच्या मध्यें कायद्याला शिरकाव नाहीं.

तेथें शिरकाव करूं पाहणारें दुसरें साधन म्हणजे शपथ. आपल्याकडे हिचें सर्वांत जुनें व सर्वांत सौम्य रूप वारकऱ्याच्या तुळशीच्या माळेंत आहे. माळ घातली कीं मद्यमांस सुटलें, हा संकेत गांवांत सर्वांस ठाऊक असतो. माळ गळ्यांत दिसते, म्हणून ती घालणाऱ्यास आठवण देते आणि पाहणाऱ्यास आग्रह करण्यापासून थांबविते. इंग्लंडांत १८३२ सालीं प्रेस्टन गांवीं जोसेफ लिव्हसे व त्याचे सोबती अशा सात जणांनीं संपूर्ण मद्यत्यागाच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या, आणि तेथून प्रतिज्ञापत्रांची लाट उठली. १८८८ सालीं केन या पार्लमेंटच्या सभासदानें काढलेल्या संस्थेमार्फत ती हिंदुस्थानांतही आली. वऱ्हाडांत हें काम कीर्तनानें केलें. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांत जन्मलेल्या गाडगे महाराजांचे वडील दारूच्या पायीं गेले. ज्याच्या घराचें वाटोळें बाटलीनें केलें तो मनुष्य हातीं खराटा घेऊन गांवोगांव लोकांस दारू सोडावयास सांगे, तेव्हां त्याच्या शब्दास वजन असे.

शपथेचें बळ मोठें, पण तिच्या रचनेंतच एक उणीव आहे. ती अखंड असते किंवा मोडलेली असते. मधली अवस्था तिला ठाऊक नाहीं. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाचा नायक सुधाकर दारू सोडण्याचा निर्धार करतो आणि पुन्हां प्यालाच उचलतो. नाटकाचें नांवच त्या उणिवेवर बोट ठेवतें : एकदां एकच प्याला ओठांस लागला कीं सारें गेलें. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणण्यास ही कल्पना समर्थ आहे. पण खऱ्या सुधाकरास तीच घातक ठरते. शपथ मोडली त्या रात्रीं त्यास वाटतें कीं, आतां मोडलीच आहे, तर एक काय आणि दहा काय! ज्या क्षणीं त्यास आधाराची सर्वांत अधिक गरज, नेमका त्याच क्षणीं त्याचा आधार नाहींसा होतो. वर खालीं गेलेली मान घेऊन तो लोकांपुढें येईनासा होतो.

या उणिवेवर उतारा म्हणून विसाव्या शतकांत तिसरें साधन पुढें आलें. तें सोबतीचें. १९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन शहरांत एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूनें हैराण झालेले, एकमेकांस भेटले. आणि एकानें दुसऱ्यास सांभाळतांना आपणही सांभाळले जातों हा शोध त्यांस लागला. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या नांवानें ही चळवळ जगभर पसरली व १९५७ सालीं मुंबईंत आली. जन्मभराची शपथ बाजूस ठेवून आजच्या एका दिवसापुरतें बोलावें, घसरलेल्यास पुन्हां खुर्ची द्यावी, आणि तल्लफ आली कीं कोणत्याही वेळीं जुन्या सोबत्यास हांक मारावी, ही तिची रीत. १९८६ सालीं पुण्यांत डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ उभें केलें. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचा त्यास भक्कम आधार होता. बरे झालेले रुग्णच तेथें पुढें कार्यकर्ते झाले, आणि रुग्णांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा गट निघाला. व्यसन एकट्याचें नसतें, घराचें असतें, ही गोष्ट महाराष्ट्रास पटवून देण्याचें बरेंचसें श्रेय या संस्थेस आहे.

मग अडचण कोठें राहिली? ती संख्येंत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयानें दिल्लीच्या एम्स या संस्थेकडून करविलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, दारूमुळें त्रस्त होऊन ज्यांस मदतीची गरज आहे असे लोक देशांत पांच कोटींहून अधिक आहेत. आणि जे दारूच्या पूर्ण आहारीं गेले आहेत त्यांपैकीं अडतीस जणांत एकासच कसला तरी उपचार मिळाला आहे. उरलेले सदतीस कोण? त्यांतले कांहीं शहरांत आहेत, पुष्कळसे जानेफळासारख्या गांवीं आहेत. केंद्र दूर, रजा मिळत नाहीं, पैसा नाहीं, आणि या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे लाज. एस. टी. तून कोण कोठें गेला हें ज्या गांवांत संध्याकाळपर्यंत सर्वांस कळतें, त्या गांवचा मनुष्य व्यसनमुक्ति केंद्राची पायरी सहजासहजीं चढत नाहीं.

सोबत स्वस्त व जवळ कशी आणावी, याचें एक उत्तर गोव्यांत मिळालें. ‘संगाथ’ या संस्थेनें गोव्यांतील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आले. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनीं घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांशीं एक ते चार बैठकींत बोलावें, त्यांस आपल्या पिण्याकडे पाहावयास शिकवावें, एवढीच ती योजना. तीन महिन्यांनीं पाहिलें तों ज्यांस ही सोबत मिळाली त्यांपैकीं शेंकडा ३६ जण धोक्याच्या पातळीखालीं आले होते. ज्यांस केवळ नेहमींची सुधारलेली वैद्यकीय मदत मिळाली त्यांत हें प्रमाण शेंकडा २६ होतें. पूर्ण चमत्कार नव्हे. परंतु उपचारासाठीं पदवीधर तज्ज्ञच हवा, हा समज त्यामुळें ढिला झाला. याच मंडळींनीं पुढें धोकादायक मद्यपान करणाऱ्यांसाठीं मोबाईलवरील लहान संदेशांची योजना रचून गोव्यांतच तिची प्राथमिक चांचणी घेतली. सोबतीकडून फोनकडे जाणारी वाट आपल्याकडे अशी पडली.

आतां फोनवरच्या ॲपचा गाभा काय, हें पाहूं. तो गाभा शपथेचा नाहीं, हिशेबाचा आहे. आणि ही कल्पनाही आजची नव्हे. बेंजामिन फ्रँकलिननें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे कीं, त्यानें तेरा सद्गुणांची एक लहानशी वही केली होती. रोज रात्रीं ज्या गुणांत चूक झाली त्यापुढें तो काळा ठिपका देई, आणि त्या यादींत पहिला गुण खाण्यापिण्यांतील संयम हा होता. ठिपके नाहींसे झाले नाहींत, पण ते कमी होतांना पाहून आपणांस समाधान वाटलें, असें तो सांगतो. आपल्या दुकानदारांची रोजकीर्द याहून निराळी काय आहे? रोजकिर्दींत एका दिवसाचा तोटा लिहिला म्हणून दुकान बंद होत नाहीं. उद्यांचें पान कोरें असतें. शपथ आणि हिशेब यांतला हा भेद महत्त्वाचा आहे. शपथेला घसरण म्हणजे शेवट. हिशेबाला घसरण म्हणजे एक नोंद.

या रोजकिर्दीस यंत्रानें दोन गोष्टींची जोड दिली. एक, ती सदैव खिशांत असते; दुसरी, ती आपण होऊन बोलते. अमेरिकेंत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनीं दारूवरील निवासी उपचार घेऊन घरीं परतणाऱ्या ३४९ रुग्णांपैकीं निम्म्यांस असा फोन दिला. त्यांत तातडीनें मदत मागण्याचें बटण होतें, आणि रुग्ण आपल्या जुन्या गुत्त्याजवळ आला कीं इशारा देण्याचीही सोय होती. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, धोक्याच्या मद्यपानाचे दिवस फोन न मिळालेल्यांचे महिन्याकांठीं सरासरी २.७५ असतांना फोनवाल्यांचे ते १.३९ होते. इंग्लंडांत ‘ड्रिंक लेस’ नांवाच्या ॲपची ५,६०२ जणांवर झालेली परीक्षा २०२४ सालीं प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनीं ॲप सुचविलेल्या मंडळींच्या पिण्यांत इतरांपेक्षां आठवड्यास सुमारें दोन युनिटांची अधिक घट दिसली. तंबाखूसाठीं आपल्या सरकारनें २०१६ सालीं याहून साधी युक्ति काढली : एक मिस्ड कॉल द्यावा, आणि सोडण्याचा निश्चय टिकविणारे संदेश फोनवर यावेत. वीस लाखांवर लोकांनीं नांव नोंदविलें. आणि पाहणींत शेंकडा सुमारें १९ जणांनीं तंबाखू सुटल्याचें सांगितलें. हें त्यांचेंच सांगणें, हें ध्यानांत ठेवावयास हवें. तरीही ज्या महाराष्ट्रांत २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणें दर चार प्रौढांत जवळजवळ एक जण तोंडांत तंबाखू धरितो, तेथें एवढ्या अल्प खर्चाचें साधन तुच्छ मानतां येणार नाहीं. विशेष असें कीं, त्यास भारी फोनही लागत नाहीं, आणि लाजही आड येत नाहीं. यंत्राचा सर्वांत मोठा गुण कदाचित् हाच असेल : त्यापुढें मान खालीं घालावी लागत नाहीं.

परंतु जानेफळाच्या कसोटीवर घांसून पाहतां या साधनाच्या मर्यादाही उघड होतात. पहिली मापाची. परदेशी ॲप युनिटांत मोजतें. आपल्याकडे माप क्वार्टरचें. १८० मिलिलिटरच्या देशी दारूंत मद्यार्क शेंकडा ४२-४३ धरला तर एका क्वार्टरमध्यें सुमारें ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क होतो. इंग्रजी युनिट ८ ग्रॅमचें. म्हणजे वर सांगितलेली आठवड्याची घट क्वार्टरच्या चौथ्या हिश्श्याएवढी झाली. आणि हातभट्टीच्या दारूस तर ठराविक मापच नाहीं. ज्या वहींत आपलें माप नाहीं, आपली भाषा नाहीं, खर्रा आणि नासीचें नांव नाहीं, ती वही आपला हिशेब कसा ठेवणार?

दुसरी मर्यादा जिवाशीं गांठ घालणारी आहे. वर्षानुवर्षें रोज भरपूर पिणाऱ्यानें फोनवरच्या प्रोत्साहनानें एकाएकीं दारू बंद केली, तर दोनतीन दिवसांत हातपाय कांपणें, झटके, भ्रम अशीं लक्षणें उद्भवूं शकतात, आणि प्रसंगीं मृत्यूही ओढवतो. अशा मनुष्यानें आधीं डॉक्टरांकडे जावें. तेथें ॲपचें काम नाहीं. चांगलें ॲप तेंच, जें आपली हद्द ओळखून रुग्णास वेळींच माणसांकडे धाडतें. त्यासाठीं आतां नशामुक्तीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्याचा १४४१६ हे मोफत दूरध्वनि क्रमांक तरी आहेत.

तिसरी मर्यादा वही कोणाच्या घरीं राहते ही. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें व वह्या जाळल्या. कारण हिशेब त्यांचा, पण वही सावकाराची होती. आज मनुष्य आपल्या प्याल्यांचा, तल्लफेचा, रात्रींच्या एकटेपणाचा हिशेब ज्या यंत्रांत लिहितो तें यंत्र कोणा कंपनीचें असतें. दारू सोडविण्यासाठीं सेवा देणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनें ग्राहकांची माहिती जाहिरातदारांस पुरविल्याबद्दल तेथील सरकारी आयोगानें तिच्यावर २०२४ सालीं कारवाई केली. आपल्या देशांत वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला. पण कायदा बाटलीपर्यंत पोंचतो आणि मनुष्यापर्यंत पोंचत नाहीं हें आपण पाहिलेंच आहे, तेव्हां केवळ त्यावर विसंबून चालणार नाहीं.

आणि शेवटची मर्यादा सर्वांत खोल. रोजकीर्द लिहिणारा लिहीनासा झाला तर ती त्यास शोधीत येत नाहीं. फोन चार वेळां वाजेल, मग मनुष्य त्याचा आवाज बंद करील. ‘मुक्तांगणां’तला जुना सोबती तसा गप्प बसत नाहीं; तो दारांत येऊन उभा राहतो. गाडगे महाराजांच्या कीर्तनांत बसलेल्या श्रोत्यास महाराज समोरच प्रश्न विचारीत, आणि उत्तर टाळणें त्यास अवघड होई. हिशेब ठेवणें यंत्रास साधतें. हिशेब विचारणें मनुष्यासच साधतें. विचारणाऱ्याच्या मनांत आपुलकी असेल तरच तें विचारणें औषध होतें; नाहीं तर तें पुन्हां लाजच उत्पन्न करतें.

येथवरच्या इतिहासाकडे एकत्र पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, नवें साधन आलें म्हणून जुनें कधीं संपलें नाहीं. कायद्यानें दुकान दूर सारलें, शपथेनें मनास दिशा दिली, सोबतीनें पडलेल्यास उठविलें, आणि हिशेब आतां ‘अजून कांहीं गेलेलें नाहीं’ एवढें दर रात्रीं दाखवून देतो. यांतलें कोणतेंही एक दुसऱ्याची जागा घेऊं गेलें कीं तें तोकडें पडतें. म्हणून जानेफळासारख्या गांवीं मराठींत बोलणारें, क्वार्टर आणि पुडीच्या मापानें मोजणारें, आणि वही मालकाच्याच हातीं ठेवणारें ॲप अवश्य यावें. पण त्याच्या मागें एक जिवंत मनुष्य असावा. ती आशा कार्यकर्ती असेल, शाळामास्तर असेल, किंवा स्वतः दारूंतून बाहेर पडलेला शेजारी असेल. त्यानें आठवड्यांतून एकदां ओट्यावर बसून विचारावें, ‘काय दादा, या आठवड्याचा हिशेब कसा काय?’ उत्तर वाईट आलें तरी त्यानें उठून जाऊं नये. उरलेल्या सदतीसांपर्यंत पोंचावयाची वाट त्या प्रश्नापासून सुरू होते.